पेरिओची तीन वर्षं कशासाठी?

पत्र: दंतवैद्यकाच्या पदवीनंतर गेली पाच वर्षं मी जनरल प्रॅक्टिस करते आहे. हिरड्यांची तक्रार घेऊन येणारे पेशंट पुष्कळ असतात. मी स्केलिंग करते (दातांवरचं कीटण काढते), ब्रश कसा फिरवायचा ते दाखवते, माउथवॉश लिहून देते. सहा महिन्यांनी तेच पेशंट तशाच रक्ताळलेल्या हिरड्या घेऊन परत येतात. मागच्या महिन्यात एका जुन्या पेशंटचे खालचे पुढचे दात हलू लागले. ते म्हणाले, "डॉक्टर, मी तर दर वेळी न चुकता तुमच्याकडे येत होतो ना?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून पेरिओडॉन्टॉलॉजीत (हिरड्या आणि दातांभोवतीच्या हाडाच्या आजारांची शाखा, थोडक्यात पेरिओ) पदव्युत्तर शिक्षण घ्यावं असं मनात आहे. सर्जरीची आवड आहे, ग्राफ्ट (हिरडीचं किंवा हाडाचं रोपण) आणि इम्प्लांट करायचे आहेत. पण क्लिनिकमधले सिनियर म्हणतात, "तीन वर्षं स्केलिंग करत बसणार का? दोन-चार वीकएंड कोर्स करा, एक लेझर घ्या आणि कामाला लागा." घरात लहान मूल आहे, तीन वर्षं कमाई जवळजवळ थांबेल. जावं का? आणि जायचं ठरलं तर कोर्स कसा पारखावा?

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पेशंटचा प्रश्न आधी घेते, कारण जावं की नाही हे मला वाटतं त्यावरूनच ठरेल.

ते गृहस्थ न चुकता येत होते, तुम्ही न चुकता स्केलिंग करत होतात, आणि हाड तरीही झिजत होतं. यात तुमचा आळस नव्हता. जनरल प्रॅक्टिसमध्ये सर्रास होतं तेच झालं असावं: दिसणारं कीटण निघालं, पण हिरडीखाली काय चाललंय ते मोजलंच गेलं नाही. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून हिरडीखालची खोली मोजायची म्हटली तर २८ दातांचे १६८ आकडे होतात. शिवाय कुठे रक्त येतं, हिरडी किती उतरली आहे, कोणता दात किती हलतो, दाढेच्या मुळांच्या फाट्यात प्रोब शिरतो का, हे सगळं वेगळं. पदवीच्या काळात असं संपूर्ण चार्टिंग आपण परीक्षेपुरतं करतो. पुढे बाहेर पेशंट ताटकळलेले असताना ते सगळ्यात आधी सुटतं.

त्यात हा आजार बहुधा दुखत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्तही कमी येतं, म्हणजे पेशंटला दिसू शकणारी खूणही झाकली जाते. दात हलेपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि चार्ट नसेल तर डॉक्टरलाही नसतो.

पण चार्ट केला असता तरी एक कोडं उरलंच असतं. सारखीच निगा राखणाऱ्या दोघांपैकी एकाचे दात टिकतात आणि दुसऱ्याचे का जातात? हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज कोणालाही येते. हाड मात्र प्रत्येकाचं जात नाही. हे दाखवणारा अभ्यासही लोए यांचाच. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांवर १९७० पासून १५ वर्षं लक्ष ठेवून त्यांनी १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. या लोकांना दातांची निगा राखायची सवयही नव्हती आणि उपचारही मिळत नव्हते. सगळ्यांच्याच दातांवर थर होते. तरीही साधारण ८ टक्के लोकांमध्ये आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

समोर बसलेला पेशंट या तीनपैकी कोणत्या गटातला आहे हे वेळेवर ओळखणं, हे पेरिओच्या शिक्षणाचं पहिलं काम आहे. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या वर्गीकरणात यासाठीच स्टेजबरोबर ग्रेड आली. स्टेज सांगते की नुकसान किती झालंय, ग्रेड सांगते की ते किती वेगाने होतंय. जुने रेकॉर्ड नसतील तर एक्स-रेवर सगळ्यात जास्त हाड जिथे गेलं आहे तिथली टक्केवारी घ्यायची आणि तिला वयाने भागायचं. चाळिशीच्या माणसाचं ५० टक्के हाड गेलं असेल तर उत्तर येतं १.२५, एकाच्या वर, म्हणजे ग्रेड सी. सत्तरीच्या माणसाचंही तेवढंच गेलं असेल तर ०.७ च्या आसपास, म्हणजे ग्रेड बी. एक्स-रे सारखाच, माणसं वेगळी, आणि उपचारांची आखणीही वेगळी. मग त्यावर धूम्रपान आणि मधुमेह: दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी, किंवा मधुमेहात एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ७ टक्के वा त्याहून जास्त असेल, तर पेशंट थेट ग्रेड सीमध्ये जातो. भागाकार कोणीही करेल. चौतीस वर्षांच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या तोंडात तो करायची गरज आहे हे लक्षात येणं, ही नजर मात्र शेकडो चार्ट भरल्यावर येते.

आता तुमच्या सिनियरांचं म्हणणं. तीन वर्षांतला मोठा भाग मुळं साफ करण्यात जातो हे खरं आहे. ते कमी दर्जाचं काम आहे हे मात्र मला साफ नामंजूर आहे. माझ्या मते आपल्या शाखेतलं सगळ्यात अवघड हातकाम तेच, कारण ते न बघता करायचं असतं. वरच्या पहिल्या प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या दाताच्या) मुळावर पुढच्या बाजूने एक खोलगट पन्हळ असते. क्युरेटची (मुळं खरवडायच्या हत्याराची) पात सरळ ओढली तर ती त्या पन्हळीवरून निघून जाते आणि थर तळाशी तसाच राहतो. दाढांच्या फाट्यांचं तर विचारूच नका. १९७९ मध्ये बॉवर यांनी पहिल्या दाढांच्या फाट्यांची तोंडं मोजली, तेव्हा निम्म्याहून अधिक तोंडं ०.७५ मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद निघाली. नेहमीच्या क्युरेटची पात साधारण तेवढीच किंवा त्याहून रुंद असते. म्हणजे हत्यार आतच जात नाही, आणि आपण समाधानाने पेशंटला चूळ भरायला सांगतो. इथे कोणतं अल्ट्रासॉनिक टिप घ्यायचं, ग्रेसी क्युरेटची ११/१२ क्रमांकाची जोडी कुठे आणि १३/१४ कुठे, टर्मिनल शँक (पातीलगतची दांडी) दाताला समांतर आहे का, हे कोणीतरी शेजारी उभं राहून रोज दाखवावं लागतं, चुकलं की हात धरून थांबवावं लागतं. दोन दिवसांच्या कोर्समध्ये प्लॅस्टिकच्या जबड्यावर ते येत नाही.

कुठे हात लावायचा नाही, हे शिकायला आणखी वेळ लागतो. स्वीडनमध्ये यान लिंडे आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की साधारण २.९ मिलिमीटरपेक्षा उथळ जागी मुळं खरवडली तर दाताची पकड सुधारत नाही, उलट थोडी कमीच होते. फ्लॅप (हिरडीचा पडदा) उघडून केलेल्या उपचारांसाठी ही मर्यादा ४.२ मिलिमीटरच्या आसपास निघाली. सरसकट सगळ्या तोंडाचं "डीप क्लिनिंग" करून देणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. चार्टशिवाय केलेलं काम दोन्हीकडून चुकतं: खोल जागी अपुरं पडतं, उथळ जागी जास्त होतं.

तुम्हाला सर्जरी आवडते, त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. आवड असणं चांगलंच आहे. हात थरथरणारा विद्यार्थी या शाखेत फार पुढे जात नाही. पण सर्जरीसाठी पेरिओला जायचं असेल तर तिची उपचारातली जागा आधी समजून घ्या. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०२० मध्ये स्टेज एक ते तीनसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत उपचारांच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पेशंटच्या सवयी आणि धोक्याचे घटक, दुसरी हिरडीखालची साफसफाई. काही आठवड्यांनी पुन्हा सगळं मोजायचं. जे पॉकेट (दात आणि हिरडीमधले खोल खळगे) उरतील त्यांच्यासाठी तिसरी पायरी, आणि सर्जरी येते ती इथे, मुख्यतः ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल राहिलेल्या जागांसाठी. चौथी पायरी म्हणजे कायमची देखभाल. जो पेशंट स्वतः दात नीट स्वच्छ ठेवत नाही त्याच्यावर सर्जरी करू नये, असं त्या सूचना सरळ सांगतात.

हा नियम नुसत्या शिस्तीसाठी केलेला नाही. १९७७ मध्ये निमन, लिंडे आणि रोस्लिंग यांनी पाच निरनिराळ्या शस्त्रक्रिया तपासल्या. पेशंटना स्वच्छतेची माहिती एकदा दिली होती, पण रोजची स्वच्छता सुधारली नाही आणि शस्त्रक्रियेनंतर काटेकोर देखभालही नव्हती. दोन वर्षांनी पाचही गटांत दातांची पकड आणखी सुटली होती. याच संशोधकांच्या गटाने त्याआधी १९७६ मध्ये अशाच शस्त्रक्रियांनंतर दर दोन आठवड्यांनी दातांची सफाई करून दिली, तेव्हा हाडातले खड्डे भरून आले होते. शस्त्रक्रिया जवळपास त्याच होत्या, करणारे हातही कुशल होते. फरक नंतरच्या निगेचा होता. वीकएंड कोर्समध्ये टाके घालायला छान शिकवतात. हा फरक सांभाळायला शिकवत नाहीत, कारण त्यासाठी तोच पेशंट दोन-तीन वर्षं तुमच्याच खुर्चीत यावा लागतो.

म्हणून मी छोट्या कोर्सच्या विरोधात आहे असं समजू नका. ज्याचा पाया झालेला आहे त्याने टनेल टेक्निक किंवा नवीन टाके शिकायला अवश्य जावं. पाया म्हणून ते चालत नाहीत, एवढंच. आणि लेझर: त्याच सूचनांमध्ये हिरडीखालच्या साफसफाईला जोड म्हणून लेझर वापरू नये असं सुचवलं आहे. पैसे गुंतवायचेच असतील तर चांगले प्रोब, धार लावलेले क्युरेट, एक्स-रेची नीट सोय आणि चार्ट लिहून घेणारी सहायक यांवर घाला.

हे सगळं वाचून उत्साह मावळला असेल तर तीही उपयोगाची माहिती आहे. अर्ज भरण्याआधी एक करून बघा. पुढचे काही महिने तुमच्या सध्याच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या निवडक पेशंटचे संपूर्ण चार्ट करा. सवयींवर बोला, साफसफाई करा, आणि तीन महिन्यांनी तेच सगळे आकडे पुन्हा घ्या. ७ चा आकडा ४ झालेला आणि रक्त थांबलेलं पाहून तुम्हाला आनंद होतो का? आणि जिथे ७ चा ७ च राहिला तिथे "का?" हा प्रश्न घरीही पाठ सोडत नाही का? तसं होत असेल तर या शाखेत जा, मुळीच मागेपुढे पाहू नका. पण हे तीन महिने कंटाळवाणे वाटले आणि मन फक्त फ्लॅप उघडण्याकडे धावत राहिलं, तर ओरल सर्जरीचा विचार करा. तिथे तुमच्या आवडीला न्याय मिळेल आणि तुमच्या पेशंटनाही. इम्प्लांटसाठी पेरिओ हा सोपा रस्ता आहे असं मानून येणारे निराश होतात, कारण ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले त्यांच्या इम्प्लांटभोवतीही हाड जाण्याचा धोका जास्त असतो, आणि मग पुन्हा तेच मोजमाप, तीच देखभाल.

कोर्स पारखण्याबद्दल. नावाजलेली इमारत, मायक्रोस्कोप, परदेशी पाहुण्यांची व्याख्यानं यांवर जाऊ नका. एक गोष्ट विचारा: पहिल्या वर्षी मी तपासलेला पेशंट तिसऱ्या वर्षापर्यंत माझाच राहतो का? निदान मी करते, आखणी मी मांडते, साफसफाई, पुनर्तपासणी, गरज पडली तर सर्जरी, आणि पुढचे रिकॉलही (देखभालीच्या ठरावीक भेटी) माझ्याकडेच, असं असेल तर तो कोर्स चांगला असण्याची शक्यता खूप आहे. जिथे कनिष्ठांनी स्केलिंग करायचं, वरिष्ठांनी फ्लॅप करायचे आणि रिकॉलला कोण येतं हे कोणालाच ठाऊक नाही, तिथे तुम्हाला सुट्या प्रक्रिया येतील, आजार हाताळता येणार नाही. हे माहितीपत्रकात कधीच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा, त्यांच्या एका पेशंटचे सुरुवातीचे आणि ताजे चार्ट शेजारी ठेवून दाखवायला सांगा. दाखवता आले नाहीत तर तुम्हाला उत्तर मिळालं. शिकवणारे खुर्चीपाशी येतात का की फक्त सही करायला येतात, तेही विचारा. बिघडलेल्या केस सर्वांसमोर मांडल्या जातात का? माझ्या मते चांगल्या विभागाची ही सगळ्यात पक्की खूण.

कालावधीबाबत घाई करू नका. युरोपियन फेडरेशनची मान्यता असलेले अभ्यासक्रम पूर्णवेळ तीन वर्षांचे असतात, अमेरिकेतले मान्यताप्राप्त अभ्यासक्रमही तीन शैक्षणिक वर्षांचे. वर्षभराच्या डिप्लोमाने ज्ञान वाढतं, पण तेवढ्यावर स्पेशालिस्ट म्हणून नोंद होईलच असं नाही. जिथे पुढे काम करायचं आहे तिथल्या नोंदणी संस्थेकडून हे आधी लेखी विचारून घ्या. फी भरल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

प्रबंधासाठी छोटा, प्रामाणिकपणे तडीस जाईल असा प्रश्न निवडा. एवढंच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यांच्या मनात असतं: पुढे पेशंट पाठवणार कोण? जनरल प्रॅक्टिशनर अशाच पेरिओडॉन्टिस्टकडे पाठवतात जो पेशंट परत पाठवतो, आणि सोबत काय केलं, काय उरलं, पुढचा रिकॉल कधी हे लिहिलेलं पत्र देतो. पाच वर्षं दुसऱ्या बाजूला बसल्यामुळे ही अपेक्षा तुम्हाला आधीच माहीत आहे. सरळ पदवीनंतर येणाऱ्यांपेक्षा तुमची ही मोठी जमेची बाजू आहे.

या कामाचं फळ उशिरा मिळतं, पण ते खरं असतं. हर्शफेल्ड आणि वासरमन यांनी १९७८ मध्ये ६०० पेशंटचा आढावा घेतला. सरासरी २२ वर्षं हे लोक देखभालीला येत राहिले होते. त्यांतल्या ४९९ जणांनी एवढ्या काळात जास्तीत जास्त तीन दात गमावले. एकही न गमावणारेही त्यांत खूप होते. २५ जण मात्र उपचार होऊनही झपाट्याने दात गमावत गेले. कोणत्याही भारी साहित्याच्या आधीच्या काळातलं काम आहे हे. आणि त्या २५ जणांसाठीच तर तुम्हाला तीन वर्षं शिकायचंय. बाकीच्यांना चांगला जनरल प्रॅक्टिशनरही सांभाळू शकतो.

राहिला घराचा प्रश्न, आणि तो लहान नाही. तीन वर्षं पूर्णवेळ म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावरही लेख वाचायचे असतात, सेमिनार तयार करायचे असतात. घरातल्या माणसांशी "जमेल ना?" असं मोघम बोलू नका. मुलाला कोण आणेल, परीक्षेच्या महिन्यात कोण बघेल, घरखर्च कशातून चालेल, हे नावांसकट आणि आकड्यांसकट ठरवा. काही ठिकाणी हेच शिक्षण अर्धवेळ, जास्त वर्षांत पुरं करता येतं; त्याची चौकशी करा. एखादं वर्ष थांबलात तरी काही बिघडत नाही. ते वर्ष नीट चार्टिंग करण्यात घालवलंत तर प्रवेशाच्या मुलाखतीत तुमच्याकडे बोलायला स्वतःच्या केस असतील, आणि त्यांतली एखादी फसलेली केस मांडायला अजिबात कचरू नका. मूल आहे म्हणून ही वाट तुमची नाही, असं मात्र कोणाला म्हणू देऊ नका. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी ही संस्था १९१४ मध्ये उभी केली ती जिलेट हेडन आणि ग्रेस रॉजर्स स्पॉल्डिंग या दोन स्त्री दंतवैद्यांनी, ज्या काळात या व्यवसायात स्त्रिया मोजक्याच होत्या.

आणि तोवर त्या गृहस्थांचं काय? त्यांना पुढच्या रिकॉलची वाट बघायला लावू नका. याच आठवड्यात बोलवा, पूर्ण चार्ट करा, संपूर्ण तोंडाचे एक्स-रे काढा. धूम्रपान आणि घरातल्यांच्या दातांचा इतिहास विचारा. मधुमेह तपासलेला नसेल तर एचबीए१सी करून घ्यायला सांगा. मग आतापर्यंत खोली मोजलेली नव्हती, आता मोजली आहे आणि ती इतकी आहे, हे त्यांना साध्या शब्दांत सांगा, आणि जवळच्या पेरिओडॉन्टिस्टकडे चार्टसकट पाठवा. शक्य असेल तर पहिल्या भेटीला स्वतः सोबत जा. तिथे काय विचारलं जातं, काय मोजलं जातं, ते शेजारी बसून बघा.